संरक्षक मंत्रांचा तोल : आमच्या जादूगाराला घावच लागत नाही

गणपतीपेठ (धागाकर्ता)

नमस्कार. सांगलीत विश्रामबाग भागातील एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही सहा जण दर रविवारी दुपारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रे घेऊन फाशांवर खेळायचा कथाखेळ खेळतो. नियम पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ साली आलेल्या पुस्तकांतले आहेत. डीएम, म्हणजे कथा पुढे नेणारा आणि शत्रू चालवणारा, मी आहे आणि बाकी पाचही जणांची पात्रे सध्या पाचव्या पातळीवर आहेत. गेले दोन महिने मला एकच प्रश्न छळतो आहे, तो येथील जाणकारांपुढे सविस्तर मांडतो.

एका खेळाडूने आपले पात्र पहिल्या पातळीला फायटर (योद्धा) म्हणून सुरू केले आणि पुढच्या चारही पातळ्या विझर्डच्या (जादूगाराच्या) घेतल्या. फायटरपणामुळे त्याला जड चिलखत चालते. कड्यांच्या चिलखताचे १६, ढालीचे २ आणि बचावाच्या लढाऊ शैलीचा १ मिळून त्याचा आर्मर क्लास, म्हणजे आपला नेहमीचा एसी, १९ होतो. (शत्रूचा फासा आणि त्याचा बोनस यांची बेरीज निदान एसीइतकी झाली तरच वार लागतो.) त्यावर विझर्ड या नात्याने त्याच्याकडे ‘शील्ड’ हा पहिल्या पातळीचा मंत्र आहे. (गोंधळ नको म्हणून या धाग्यात ‘ढाल’ म्हणजे हातातली वस्तू आणि ‘शील्ड’ म्हणजे मंत्र असे धरावे.) वार लागला असे ठरल्यावर रिअॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करता येणारी झटपट कृती) खर्चून हा मंत्र म्हटला, की त्याच वारापासून ते त्याच्या पुढच्या पाळीच्या सुरुवातीपर्यंत एसी ५ ने वाढतो, म्हणजे १९ चे २४ होतात.

आता ओगर हा राक्षस घ्या. त्याचा हल्ल्याचा बोनस ६ आहे. एसी १९ असताना त्याला वीसबाजूंच्या फाशावर १३ किंवा अधिक हवेत, म्हणजे वार लागण्याची शक्यता ४० टक्के. शील्ड उभी राहिली की १८ हवेत आणि शक्यता १५ टक्क्यांवर येते. आमच्या गटात एक सॉर्सरर (दुसऱ्या वर्गाचा जादूगार) आहे, त्याच्याकडेही हाच मंत्र आहे, पण त्याचा मूळ एसी १५ आहे. त्याच्यावर ओगरचा वार लागण्याची शक्यता एरवी ६० टक्के आणि शील्डसह ३५ टक्के असते. दोघांनाही फायदा २५ टक्क्यांचाच दिसतो, पण मेजावर तो सारखा जाणवत नाही. ओगरचे तीन घाव बसले की दोघांपैकी कोणीही सहसा आडवा होतो, असे धरू. सॉर्सररला तीन घाव बसायला एरवी सरासरी ५ वार लागतात आणि मंत्र कायम उभा राहिला तर साधारण साडेआठ. विझर्डच्या बाबतीत साडेसातचे थेट २० होतात. आधीच उंच असलेल्या तटावर पाच हातांची भिंत चढवली, तर शिडी पुरेनाशी होते, तसा हा प्रकार आहे.

यावर मी जो उपाय केला तो साफ चुकला. शत्रूंच्या हल्ल्याचा बोनस मी गुपचूप ४ ने वाढवला. विझर्डवरची शक्यता १५ वरून ३५ टक्के झाली खरी, पण तोच ओगर जेव्हा एसी १५ असलेल्या आमच्या भुरट्याकडे वळला, तेव्हा तेथील ६० टक्क्यांचे ८० टक्के झाले आणि बिचारा दोन फेऱ्यांत गेला. (या वर्गाचे इंग्रजी नाव देवनागरीत लिहिले की आजाराचे नाव वाटते, म्हणून आम्ही ‘भुरटा’ म्हणतो.) म्हणजे ज्याने चिलखताचा खटाटोप केला तो सुखरूप राहिला आणि ज्याचा काही संबंध नव्हता त्याला शिक्षा झाली. त्या खेळाडूची मी माफी मागितली आहे.

आता शील्डचे ५ चे ३ करावेत, की तो मंत्र सरळ बंद करावा, की आणखी काही करता येईल?

वीसबाजू

५ चे ३ करण्याने आपला प्रश्न सुटणार नाही, हे आपल्याच आकड्यांवरून दिसते. ३ केल्यास सॉर्सररवरची शक्यता ६० वरून ४५ टक्के होईल, म्हणजे १२ घावांपैकी ९ तरीही बसतील. विझर्डवरची ४० वरून २५ टक्के होईल, म्हणजे ८ पैकी ५ बसतील. कपात दोघांची झाली, पण चिलखतवाला पुढचा तो पुढेच राहिला. ज्याच्यासाठी हा मंत्र खरोखर जीव वाचवणारा आहे, त्याच्या हातातली मात्र अर्धी काठी आपण काढून घेतलीत.

मला वेगळे विचारायचे आहे. आपल्याकडे दोन मोठ्या विश्रांतींच्या मधे किती लढाया होतात? फायटर १ आणि विझर्ड ४ अशा पात्राकडे पहिल्या पातळीचे चार आणि दुसऱ्या पातळीचे तीन स्लॉट असतात (एका स्लॉटमागे एक मंत्र, आणि मोठ्या विश्रांतीनंतर ते पुन्हा भरतात). शील्ड दुसऱ्या पातळीच्या स्लॉटनेही म्हणता येते. शिवाय आर्केन रिकव्हरीने छोट्या विश्रांतीनंतर दिवसातून एकदा दोन पातळ्यांचे स्लॉट परत मिळतात. सर्व मिळून नऊ वेळा शील्ड झाली. एक लढाई साधारण तीन-चार फेऱ्यांत आटोपते आणि रिअॅक्शन फेरीत एकदाच मिळते. दिवसात एकच लढाई असेल, तर तो प्रत्येक फेरीला शील्ड म्हणूनही अर्धे स्लॉट शिल्लक ठेवून झोपायला जातो. २०१४ च्या डीएमसाठीच्या पुस्तकात एका दिवसात मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ लढायांचा हिशेब धरला आहे. बहुतेक मेजांवर तेवढ्या होत नाहीत, आमच्याही होत नाहीत, पण मंत्रांच्या किमती त्या हिशेबाने लावलेल्या आहेत हे विसरून चालत नाही.

चारभिंती

मी साताऱ्याचा आहे, त्यामुळे बचावाचा विषय निघाला की मला अजिंक्यतारा आठवणारच. थोडे विषयांतर वाटेल, पण मुद्द्यावर येतो.

औरंगजेबाने डिसेंबर १६९९ मध्ये साताऱ्याला वेढा घातला तेव्हा किल्लेदार प्रयागजी प्रभू होते. मोगलांकडे माणसे आणि तोफा यांची कमतरता नव्हती, तरीही किल्ला एप्रिल १७०० पर्यंत झुंजला. तटाखाली लावलेल्या सुरुंगांपैकी एकाचा स्फोट असा झाला, की ढासळलेली भिंत बाहेरच्या बाजूला खुद्द मोगल सैन्यावर कोसळली. अखेरीस किल्ला गेला, पण त्याने बादशहाचे चार महिने खाल्ले. आता कोणी म्हणेल की हा तट फार उंच आहे, दोन पुरुष कमी करा म्हणजे लढाई बरोबरीची होईल. पण वेढा घालणारा शहाणा असेल तर तो तटाशी डोके आपटत बसत नाही. तो वाटा रोखतो, दाणागोटा तोडतो, सुरुंग खणतो, फितुरी करून पाहतो. तट जितका उंच, तितके वेढा घालणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे वळते.

आपल्या ओगरांना हे शहाणपण कोणी शिकवलेले दिसत नाही. शील्ड फक्त एसी वाढवते. ज्या हल्ल्याला एसी लागतच नाही, तेथे तिचा उपयोग शून्य आहे. फायरबॉल या आगीच्या मंत्राला डेक्स्टेरिटीचा, म्हणजे चपळाईचा, सेव्ह (बचावाचा फासा) लागतो. एखाद्याला धरून ठेवायचे असेल तर २०१४ च्या नियमांत ताकदीच्या कसोटीची चढाओढ होते, तेथेही एसी नाही. ओगरने धक्का देऊन विझर्डला खाली पाडले, की जवळून होणाऱ्या वारांना अॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा धरणे) मिळतो आणि शील्डसह राहिलेले १५ टक्के एकदम जवळपास २८ टक्के होतात. एकाही शत्रूचा बोनस न वाढवता हे होते आणि आपल्या भुरट्याच्या केसालाही धक्का लागत नाही. (गंमत म्हणजे मॅजिक मिसाइल या मंत्राला फासा टाकावाच लागत नाही, तो अचूक लागतो, आणि नेमका तोच एक मंत्र शील्ड पूर्णपणे अडवते. तेवढा टाळावा.)

आता एक सूचना. आपण वाराची बेरीज खेळाडूला सांगता का? ‘एकवीस, लागला’ असे सांगितले, की त्याला शील्ड पुरेल की नाही हे आधीच कळते आणि त्याचा एकही स्लॉट वाया जात नाही. मी फक्त ‘लागला’ एवढेच सांगतो. मंत्राची अट वार लागण्याची आहे, आकडा कळण्याची नाही.

हळदीची_वखार

या धाग्यावर सगळे डीएमच बोलत आहेत, म्हणून खेळाडूच्या बाजूने चार शब्द लिहितो. मी स्वतः असेच पात्र खेळलो आहे.

आपल्या विझर्डने फुकट काही मिळवलेले नाही. सरळ विझर्ड राहिला असता तर पाचव्या पातळीला त्याला तिसऱ्या पातळीचे मंत्र मिळाले असते. फायरबॉलचे आठ सहाबाजूंचे फासे हातात घेऊन टाकण्याचा आनंद त्याने एका चिलखतासाठी सोडला आहे. बाकीच्यांचे मोठे मंत्र सुरू झाल्यावर तो एक पातळी मागे राहून हे सारे पाहत बसतो. एवढी किंमत मोजून घेतलेली वस्तू मध्येच ‘जास्त चांगली निघाली’ म्हणून परत मागणे हे वखारीत माल ठेवून घेतल्यावर भाव पाडण्यासारखे आहे. बदल करायचाच असेल तर पहिल्या दिवशी सांगावा, पाचव्या पातळीवर नाही.

चारभिंती यांच्या सूचनेलाही माझी हरकत आहे. आकडा लपवला की जुगार होतो हे मान्य, पण तो जुगार कोणाला महाग पडतो हे मोजले आहे का?

वीसबाजू

मोजून पाहिले, आणि हळदीची_वखार यांची शंका रास्त निघाली. विझर्डचा एसी १९ असताना ओगरचा वार १३ ते २० या आठ आकड्यांवर लागतो. त्यांपैकी १३ ते १७ हे पाच आकडे शील्ड परतवते आणि तीन आकड्यांवर घाव तरीही बसतो. म्हणजे आंधळेपणाने म्हटलेल्या आठ शील्डपैकी तीन त्या वारापुरत्या वाया जातात. सॉर्सररचा एसी १५ असल्याने त्याला वार ९ ते २० या बारा आकड्यांवर लागतो. तेथेही परतणारे आकडे पाचच, ९ ते १३. बारापैकी सात शील्ड वाया! ज्याचा तट बुटका, त्याच्याच जुगारात हार जास्त. ५ चे ३ करण्यात जी चूक होती, तीच येथे दुसऱ्या दाराने आत येते.

याच कारणासाठी ‘पाथफाइंडर’ या अशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीने घेतलेली वाट मला आवडते. तेथे शील्ड हा कॅन्ट्रिप आहे, स्लॉट लागत नाही, पण आपल्या पाळीतली एक कृती खर्चून तो आधीच उभा करावा लागतो आणि एसी फक्त १ ने वाढतो. लागलेला घाव त्यावर झेलता येतो, मग मात्र तो मंत्र दहा मिनिटे पुन्हा म्हणता येत नाही. शिवाय हातातल्या ढालीचा बोनस आणि या मंत्राचा बोनस एकाच जातीचे असल्याने एकमेकांवर चढत नाहीत, दोहोंपैकी मोठा तेवढा धरला जातो. आपल्या विझर्डचा मनोरा तेथे उभाच राहिला नसता. एक अंक ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्या खेळात एसीपेक्षा १० ने वरचढ ठरलेला वार दुप्पट लागतो, त्यामुळे तो एक अंक दोन ठिकाणी कामाला येतो.

रात्रपाळी

शील्डवर इतकी चर्चा पाहून आश्चर्य वाटले. शील्डने निदान खेळ थांबत नाही, फासा पडतो, कधी वार लागतो, कधी नाही. खरा डोकेदुखीचा मंत्र काउंटरस्पेल, म्हणजे समोरच्याचा मंत्र म्हणतानाच रद्द करणारा मंत्र, आहे. आमच्या मेजावर खलनायकाने तीन फेऱ्यांत तीन मंत्र म्हटले आणि तिन्ही उच्चारताच विरले. महिनाभर रंगवलेले पात्र एकही गोष्ट न करता मेले. २०१४ च्या नियमांत तिसऱ्या किंवा त्याखालच्या पातळीचा मंत्र काउंटरस्पेलने फासा न टाकताच रद्द होतो. २०२४ च्या आवृत्तीत समोरच्याला कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) सेव्ह मिळतो आणि मंत्र रद्द झाला तरी त्याचा स्लॉट जात नाही. आम्ही बाकीचे सर्व नियम जुने ठेवून एवढा एकच नवा घेतला, आणि सर्वांचे समाधान झाले.

चारभिंती

आकडा लपवण्याबद्दल वीसबाजू यांचा हिशेब मान्य आहे. आमच्या गटात शील्ड म्हणणारा एकच असल्याने ही बाजू माझ्या लक्षात आली नव्हती. सूचना मागे घेतो.

एक गोष्ट मात्र कोणीच विचारली नाही, ती विचारतो. तुमच्या विझर्डच्या एका हातात ढाल आहे. दुसऱ्या हातात काय असते? शील्ड म्हणायला शब्द आणि हातवारे असे दोन्ही लागतात आणि हातवाऱ्यासाठी एक हात मोकळा हवा. त्या मंत्राला कोणतेही साहित्य लागत नाही, त्यामुळे हातात जादूची कांडी आहे, तोच हात चालेल, ही सबबही येथे उपयोगी नाही. वॉर कास्टर हा फीट (पात्राने निवडायचे खास कौशल्य) घेतला असेल तरच दोन्ही हात भरलेले असताना हातवारे करता येतात.

गणपतीपेठ

उत्तराला आठवडा लागला, कारण मधल्या रविवारी मला प्रत्यक्ष करून पाहायचे होते.

आधी हातांचा हिशेब. चारभिंती यांचा प्रश्न वाचून मी त्या खेळाडूचा कागद मागवला. एका हातात ढाल, दुसऱ्या हातात भाला आणि विझर्डच्या चौथ्या पातळीला फीटऐवजी बुद्धिमत्ता २ ने वाढवलेली! म्हणजे गेले दोन महिने भाला परजत तो जी शील्ड म्हणत होता, ती नियमाने म्हणताच येत नव्हती, आणि मी डीएम असून ते पाहिले नव्हते. त्याला फोन केला, तर तो आधी खूप हसला आणि मग म्हणाला, की भाला टाकतो, ढाल ठेवतो. म्हणजे आता तो रिअॅक्शनमध्ये भाल्याने टोचू शकत नाही. किंमत लहान आहे, पण ती आहे.

दुसरा बदल लढायांच्या संख्येचा. वीसबाजू यांचा सहा ते आठ लढायांचा हिशेब एका रविवारच्या चार तासांत बसत नाही. पण ज्याने सांगलीत पावसाळे काढले आहेत, त्याला विश्रांती तोडण्याची युक्ती कोणी शिकवावी लागत नाही. मी कथेतल्या बाजारपेठेत पूर आणला. मेजावर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी लिहितात तशी एक उभी पट्टी ठेवली, ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका. खेळ सुरू झाला तेव्हा पाणी ३८ फुटांवर होते. प्रत्येक लढाईनंतर एक फूट, छोटी विश्रांती घेतली तर दोन फूट, आणि आठ तासांच्या मोठ्या विश्रांतीचा विचारही कोणी तोंडातून काढला नाही. माळ्यावर अडकलेली माणसे बाहेर काढायची होती, गोदामात शिरलेले गॉब्लिन होते आणि पुलावर दोन ओगर.

शील्डला मी हात लावला नाही. शत्रूंचे बोनस पुस्तकातले होते तेच ठेवले. वाराची बेरीज नेहमीप्रमाणे उघड सांगितली.

पहिल्या लढाईत विझर्डने तीन शील्ड म्हटल्या. दुसऱ्या लढाईत गॉब्लिन चार बाजूंनी आले, तेव्हा त्याने पहिल्याच वारावर शील्ड उभी केली आणि उरलेल्या तिघांचे वारही त्याच मंत्रावर परतले, ते पाहून बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्याचे वाईट वाटले नाही, हा मंत्र याचसाठी आहे. मग पाणी ४० वर आले आणि त्याने छोटी विश्रांती मागितली, कारण त्याला आर्केन रिकव्हरी हवी होती. भुरट्याच्या खेळाडूने (नवीन पात्र, जुना राग) नको म्हटले, कारण दोन फुटांत माळ्यावरची माणसे गेली असती. त्या दोघांत दहा मिनिटे वाद झाला. मी एक शब्द बोललो नाही. गेल्या दोन महिन्यांत आमच्या मेजावर शील्डच्या स्लॉटवरून कोणी वाद घातला नव्हता, कारण ते संपतच नव्हते.

शेवटी विश्रांती झाली नाही. पुलावर पहिल्या ओगरने धक्का देऊन विझर्डला खाली पाडले, दुसऱ्याने वार केला, बेरीज २५ झाली, २४ च्या शील्डवरून गेली आणि दोन महिन्यांतला पहिला घाव त्याला लागला. तेरा अंकांचा. तो खेळाडू उठून उभा राहिला आणि त्याने ओगरशी, म्हणजे माझ्याशी, हात मिळवला.

हळदीची_वखार यांचे म्हणणे मी त्याला वाचून दाखवले. फायरबॉलच्या दुःखाबद्दलचे वाक्य त्याने दोनदा वाचायला लावले.

हळदीची_वखार

पुराची पट्टी आवडली. एकच विनंती, दर रविवारी पूर आणू नका. वेळेचा दट्ट्या प्रत्येक वेळी असला, की खेळाडू गावकऱ्यांशी बोलणे, बाजारात हिंडणे सोडून देतात.

गणपतीपेठ

मान्य. पुढच्या रविवारी पाणी ओसरलेले असेल आणि चिखल काढण्याचे काम असेल, त्यात एसी कोणाच्याच कामाचा नाही. त्यानंतर मात्र सर्वांची सहावी पातळी लागते, आमच्या विझर्डला तिसऱ्या पातळीचे मंत्र मिळतात, आणि त्याने आजच कळवले आहे की फायरबॉलबरोबर तो काउंटरस्पेलही शिकणार आहे. रात्रपाळी, आपण तो नवा नियम कसा लागू केलात ते जरा तपशिलाने लिहाल का? यावेळी पातळी लागण्याआधीच खेळाडूंना सांगून ठेवतो.